फटफटीची शिंक

'फटफटी' हा शब्द कोणत्या कोशकाराने घडवला, असे कोणी विचारले तर मराठीच्या प्राध्यापकाने प्रामाणिकपणे सांगावे की तो कोणत्याही पंडिताने घडवला नाही. तो गाडीनेच घडवला. गाडी रस्त्याने गेली, आवाज कानावर पडला आणि लोकांनी त्या आवाजाला स्त्रीलिंगी प्रत्यय लावून मोकळे झाले. मोटारसायकल, दुचाकी, स्वयंचलित द्विचक्री ही नावे मागाहून आली, आणि त्यांतले शेवटचे तर परिवहन खात्याच्या कागदावरच राहिले. फटफटी मात्र खेड्यापाड्यांत अजून टिकून आहे. कोठे तिला भटभटी म्हणतात. आवाज तोच, ऐकणारा कान वेगळा.

परंतु हा शब्द घडला तो निरोगी गाडीच्या आवाजावरून. आजारी गाडी फट-फट करीत नाही. ती एक तर मुळी बोलतच नाही, किकेखाली नुसती 'खस्स… खस्स' करते. किंवा भलत्या वेळी, भलत्या ठिकाणी, 'फाट्' असा एकच बार काढते. पहिल्या दुखण्याला आपण 'गाडी थंडीत उचलत नाही' म्हणतो, दुसऱ्याला 'गाडी फटाके फोडते'. दिवाळीच्या अंकात फटाक्यांवर लिहिण्याची रीतच आहे. मी आज या सदरात विकत न घेतलेल्या फटाक्यांवर लिहितो आहे, एवढाच काय तो फरक.

आता हा विषय बुलढाण्याच्या माणसाला का सुचावा, तेही सांगतो. आमच्या जिल्ह्याचे दोन भाग आहेत, घाटावरचा आणि घाटाखालचा. खामगाव, शेगाव, नांदुरा, मलकापूर हे घाटाखाली. तेथे उन्हाळा माणसाला भाजून काढतो. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार हे घाटावर. बुलढाणा शहर तर अजिंठ्याच्या रांगेवर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसहाशे मीटर उंचीवर बसले आहे. इंग्रज साहेबाला वऱ्हाडातल्या उन्हाळ्यात हे गाव का आवडले, ते येथे एक वैशाख काढल्यावर कळते. पण ज्या उंचीने वैशाख सुसह्य होतो तीच उंची मार्गशीर्ष-पौषात पहाटेचा वचपा काढते. तुळशीचे लग्न आटोपले की आमच्या गल्लीत पहाटे सहा वाजता एक वाद्यवृंद सुरू होतो. या अंगणात किक, त्या अंगणात किक, पलीकडे सेल्फचे 'कुर्र-कुर्र', मध्येच कोणाच्या तरी तोंडून निघालेला, या पानावर छापता न येणारा मराठी शब्द. शिक्षक, पोस्टातले कारकून, शिकवणीला निघालेली मुले, सगळे एका पायावर उभे!

थंडीत असे का होते? पेट्रोल पेटते हा आपला समज अर्धाच खरा आहे. द्रव पेट्रोल पेटत नाही. त्याची वाफ पेटते. तीही हवेत ठरावीक प्रमाणात मिसळली असेल तरच. वजनाने मोजले तर एक भाग पेट्रोलला साधारण चौदा-पंधरा भाग हवा. निकोलाउस ऑटो या जर्मन गृहस्थाने १८७६ साली चार धक्क्यांचे इंजिन चालवून दाखवले. पेट्रोलचा फवारा उडवून हवेत मिसळणारा कार्बोरेटर मेबाख याने १८९३ च्या सुमारास बसवला. तेव्हापासून आजवर गाडीचे सगळे शास्त्र या एका प्रमाणाभोवती फिरते आहे. गरम इंजिनात पेट्रोलची झटकन वाफ होते. गारठलेल्या इंजिनात मात्र त्यातला हलका अंशच तेवढा वाफ होतो, उरलेले थेंब नळीच्या गार भिंतींना चिकटून बसतात. म्हणजे कार्बोरेटरने दिले पुरेसे, पण ठिणगीच्या पदरात पडले निम्मे. वरून इंजिनातले तेल गारठ्याने दाट झालेले, आणि बॅटरीचा जोरही थंडीने कमी झालेला. ठिणगीने करावे तरी काय?

ज्यांच्या आजीने पावसाळ्यात ओल्या लाकडांची चूल पेटवली आहे त्यांना यावरचा उपाय सांगावा लागणार नाही. ओल्या लाकडांना आजी आधी काय देत असे? जास्तीचे घासलेट. चूल धडधडली की मग घासलेटची बाटली दूर. चोक म्हणतात तो हाच. चोक ओढला म्हणजे हवेची वाट अडते, हवा कमी झाल्याने मिश्रणात पेट्रोलचा अंश वाढतो, आणि त्यातला वाफ झालेला भाग पेटण्याइतका होतो. 'चोक' या इंग्रजी शब्दाचा अर्थ गळा दाबणे. नाव क्रूर आहे, पण काम दाईचे आहे. मात्र आजीची बाटली दूर करायची अक्कल चोक ओढणाऱ्याला हवी. गाडी सुरू झाली, मिनिटभरात जरा ऊब आली, की चोक परत सारला पाहिजे. नाहीतर दाट मिश्रणाने प्लगवर काजळी धरते, आणि दुसऱ्या दिवशी गाडी सुरू न होण्याचे कारण आदल्या दिवशीच तयार होऊन बसते. तसेच चोक ओढून किक मारताना रेस पिळत राहू नये. पिळणाऱ्याला वाटते आपण मदत करतो आहोत. प्रत्यक्षात झडप उघडून तो चोकचे निम्मे काम पुसून टाकतो.

पूर्वीची मंडळी या बाबतीत मोठी कर्मकांडी होती. स्कूटर एका बाजूला कलती करून मगच किक मारणारी एक अख्खी पिढी महाराष्ट्राने पाहिली आहे; थंड इंजिनाला क्षणभर पेट्रोल जास्त पोचावे हा त्यामागचा हेतू. जुन्या बुलेटचा विधी तर सत्यनारायणाच्या पूजेहून कमी नव्हता. आधी किक सावकाश दाबत ॲमीटरचा काटा मध्यावर आणायचा, मग डीकॉम्प्रेसरचा खटका दाबून पिस्टन किंचित पुढे न्यायचा, खटका सोडायचा, आणि मग देवाचे नाव घेऊन पूर्ण किक. एक पायरी चुकली की किक उलटी येई आणि पोटरी हिरवी-निळी होई. मोटारींचे हँडल याहून वाईट. ते उलटले तर मनगटच मोडे. अमेरिकेत केटरिंग याने विजेवर चालणारा सेल्फ स्टार्टर शोधला आणि १९१२ च्या कॅडिलॅक मोटारीत तो आला, तो काही केवळ श्रीमंतांच्या आरामासाठी नव्हे. शेतावरच्या डिझेल इंजिनाची तऱ्हा आणखी निराळी. त्याला प्लगच नसतो. दाबून तापलेल्या हवेतच डिझेल पेट घेते. हवा मुळात बर्फासारखी असली तर दाबून दाबून तापणार किती? म्हणून पौषातल्या पहाटे गव्हाला पाणी देणारे शेतकरी हवा ओढणाऱ्या नळीच्या तोंडाशी चिंधीचा पेटता काकडा धरीत. युक्ती बरोबर, धोका उघड. तिची शिफारस मी करीत नाही, पण ज्याने ती प्रथम योजली त्याला उष्णतेचे शास्त्र कळत होते, हे मान्य केले पाहिजे.

आता फटाक्यांकडे वळू. गाडीचे फटाके दोन जातींचे असतात, आणि जात ओळखली नाही तर औषध चुकते. एक आवाज पुढून, कार्बोरेटरच्या तोंडातून येतो. मी त्याला शिंक म्हणतो. हवा आत घेण्याची झडप पुरती मिटण्याआधीच आतला जाळ उलटा बाहेर आला की इंजिन शिंकते. मिश्रण फार पातळ म्हणजे पेट्रोल कमी आणि हवा फार झाली, ठिणगी वेळ सोडून पडली, किंवा झडप नीट बसत नाही, ही त्याची कारणे. दुसरा आवाज मागून, सायलेन्सरमधून येतो. तो खरा फटाका. इंजिनात जळायला हवी होती ती वाफ न जळता मागे गेली, तापलेल्या नळीत तिला ताजी हवा भेटली, आणि जे लग्न आत व्हायचे ते मांडवाबाहेर झाले. शिंकेचा आपल्याकडे अपशकुन मानतात. गाडीच्या बाबतीत तो मानायला हरकत नाही. कारण शिंकणारी गाडी लवकरच वाटेत थांबते.

मौज अशी की हा मागचा फटाका मिश्रण पातळ झाले तरी होतो आणि दाट झाले तरी होतो. पातळ मिश्रण नीट पेटत नाही म्हणून मागे जाते; दाट मिश्रण पुरते जळत नाही म्हणून मागे जाते. मग ओळखायचे कसे? प्लग काढून पाहावा. प्लगच्या टोकाचा रंग बिस्किटासारखा तपकिरी असेल तर पोटात सर्व ठीक. काळी, कोरडी काजळी असेल तर पेट्रोल जास्त. पांढुरके, भाजल्यासारखे असेल तर हवा जास्त. वैद्य जीभ पाहतात, मिस्त्री प्लग पाहतो.

येथे एका तिसऱ्या जातीचाही उल्लेख केला पाहिजे, म्हणजे हौसेच्या फटाक्यांचा. गाडीचा मूळ सायलेन्सर काढून पोकळ नळकांडे बसवायचे, आणि चालत्या गाडीची किल्ली मध्येच बंद-चालू करून कच्चे पेट्रोल त्यात सोडून बार उडवायचा, हा पराक्रम हल्ली प्रत्येक शहरात चालतो. कायद्याने हा गुन्हा आहे, आणि जप्त केलेले असे सायलेन्सर रस्त्यावर ओळीने मांडून त्यांवर पोलिसांनी रोडरोलर फिरवल्याची छायाचित्रे आपण वर्तमानपत्रांत पाहिली आहेत. १ एप्रिल २०२० नंतरच्या गाड्यांत धूर स्वच्छ करणारे महागडे यंत्र सायलेन्सरच्या वाटेवर असते. कच्चे पेट्रोल त्यात जाऊन पेटले की ते जळून निकामी होते. त्यामुळे घरातल्या चिरंजीवांना नागरिकशास्त्र सांगून उपयोग होत नसेल तर त्या यंत्राची किंमत सांगावी. आमच्या जिल्ह्यात खरा मोठा आवाज एकदाच झाला, इतिहासपूर्व काळी लोणारला, उल्का पडली तेव्हा. त्याची बरोबरी कोणाच्या नळकांड्याने व्हायची नाही.

पण ज्याच्यामुळे हे सारे डोक्यात घोळू लागले ते प्रकरण हौसेचे नव्हते. आमच्या घरी दूध घालणारे गृहस्थ पन्नाशीच्या पुढचे आहेत. त्यांचे गाव पठारावरच, शहरापासून आठ-एक किलोमीटरवर. पहाटे दोन्ही बाजूंना कॅन अडकवून ते निघतात, उजाडेपर्यंत वीसेक घरांत दूध घालतात, आणि आठवड्यातून दोनदा राजूर घाट उतरून मोताळ्याकडे सरकीची ढेप आणायला जातात. गाडी शंभर सी.सी.ची, कार्बोरेटरची, तेरा-चौदा वर्षांची. परदेशांत शेतावर फिरायला चार जाड चाकांची एक खास फटफटी असते. ती आपल्याकडे समुद्रकिनाऱ्यावर पर्यटकांना फिरवताना दिसते. चिखलातून, दगडांतून, बांधावरून कोठेही जाणारी गाडी अशी तिची ख्याती. आमच्या दूधवाल्यांनी तेच सारे दोन बारीक चाकांवर चौदा वर्षे केले आहे, आणि पाठीमागे चाळीस लिटर दूध घेऊन केले आहे.

गेल्या हिवाळ्यात ते उशिरा येऊ लागले. सहाचे सात झाले, सातचे साडेसात. मुलांच्या शाळेच्या वेळा काही दुधासाठी थांबत नाहीत. गल्लीतल्या दोन घरांनी पाकिटाचे दूध सुरू केले. एके दिवशी सौ.ने त्यांना उशिराचे कारण विचारले, तेव्हा त्यांनी नुसता उजवा पाय पुढे केला. घोटा सुजलेला होता.

"वहिनी, रोज सकायी चाळीस-पन्नास किका माराव लागते," ते म्हणाले. "चोक वढला की चालू होते, चोक सारला की मरते. अन् घाट उतरताना अशी फाट्-फाट् करते की लोक वळून पायतात. मिस्त्री म्हणे इंजिन काम निघालं. आता इकून टाकतो अन् हप्त्यावर नवी घेतो."

नवी गाडी म्हणजे ८०-९० हजारांची गोष्ट. त्यांच्या घरच्या कपाशीचे त्या वर्षी काय झाले होते ते मला ठाऊक होते. हप्ता ठरलेल्या तारखेला द्यावा लागतो. म्हैस काही तारीख पाहून दूध देत नाही. मी त्यांना चिखली रस्त्यावर आमच्याच महाविद्यालयातून मराठी घेऊन बी.ए. झालेल्या एका मुलाच्या गॅरेजवर घेऊन गेलो. नोकरीच्या मागे न लागता त्याने पाना हातात घेतला, आणि माझ्या मते चांगलेच केले.

या मुलाने गाडीला हात लावण्याआधी दूधवाल्यांना प्रश्न विचारले, ते मला फार आवडले. फक्त थंड असतानाच त्रास होतो की गरम झाल्यावरही? चोक सारल्यावर लगेच मरते की जरा वेळाने? आवाज पुढून की मागून? रेस देताना की रेस सोडल्यावर? धूर निळा येतो का? उत्तरे मिळाली: थंडीतच, लगेच, मागून, रेस सोडल्यावर, धूर नाही. तो हसला. "काका, थांबा जरा. गाडी बुढी नाही झाली. तिचं नाक चोंदलं आहे."

पुढचे सारे त्याने ज्या क्रमाने केले तो क्रम सांगण्याजोगा आहे; कारण पुष्कळ मिस्त्री सुरुवातच मोठ्या खर्चापासून करतात. त्याने आधी कार्बोरेटरखालचा स्क्रू सैल करून आतले पेट्रोल काचेच्या पेल्यात घेतले. पेला उजेडात धरला तर तळाशी वेगळा दिसणारा पाण्याचा थर, आणि तांबूस गाळ. टाकीच्या झाकणाचे रबर चिरले होते. गाडी वर्षानुवर्षे उघड्यावर, पावसात, दवात उभी. त्याने सांगितले की हल्लीच्या पेट्रोलात हे जास्त सांभाळावे लागते. २०२३ पासून वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल पंपांवर येऊ लागले आणि २०२५ साली देशात सरासरीने ते प्रमाण गाठल्याचे सरकारने जाहीर केले. उसाच्या नि मक्याच्या शेतकऱ्याला त्यात लाभ आहे. पण इथेनॉल पाणी ओढून घेते, आणि पाणी फार झाले की दोघे मिळून तळाशी बसतात. कार्बोरेटरकडे जाणारी वाट तर तळाकडूनच. शिवाय इथेनॉलची वाफ व्हायला पेट्रोलपेक्षा उष्णता जास्त लागते, आणि जुना कार्बोरेटर जुन्या पेट्रोलच्या मापाने बांधलेला असल्यामुळे त्याचे मिश्रण आपोआपच थोडे पातळ पडते. म्हणजे पहाटेच्या गारठ्यात दुष्काळात तेरावा महिना!

मग प्लग. टोक पांढुरके, हवा जास्त झाल्याची खूण. पेट्रोल बाजूला नेऊन, टोपण घट्ट लावून, प्लग इंजिनाच्या धातूला टेकवला आणि किक मारली: ठिणगी निळी, टणक. "ठिणगी निर्दोष," तो म्हणाला. पिवळी, मरतुकडी ठिणगी असती तर टोपण, वायर, कॉइल असा मागोवा काढावा लागला असता. प्लगच्या दोन टोकांतले अंतर मात्र झिजून वाढले होते. ते ठरलेल्या मापाचेच हवे. त्याने नवा प्लगच लावला.

'इंजिन काम निघालं' या निकालाचा त्याने स्वतंत्र समाचार घेतला. प्लगच्या भोकातून चार थेंब तेल आत सोडून किकेचा जोर पाहिला. पिस्टनच्या कड्या झिजल्या असतील तर तेल फटी बुजवते आणि दाब एकदम वाढतो. येथे काही फरक पडला नाही. निळा धूर नव्हताच. बोर-पिस्टन शाबूत. तेव्हा पाच-सहा हजारांचे एक बिल या चार थेंबांत बुडाले.

कार्बोरेटर उघडला तेव्हा मुख्य चोर सापडला. त्यात एक लहानसे पितळी जेट असते, पायलट जेट म्हणतात, सुईच्या अग्राएवढे भोक. गाडी रेसवर असताना मोठे जेट काम करते. पण सुरू होताना आणि रेस सोडल्यावर सारा भार या धाकट्यावर. त्याने ते माझ्या हातात देऊन सूर्याकडे धरायला सांगितले. पलीकडून उजेडाचा कणही येत नव्हता. साठलेल्या पेट्रोलचा डिंकासारखा चिकट थर त्यात बसला होता. चोक ओढल्यावर का चालते, सारल्यावर का मरते, याचे उत्तर त्या न दिसणाऱ्या भोकात होते. त्याने ते तार घालून टोचले नाही. पितळ मऊ असते; भोक केसभर मोठे झाले की माप कायमचे बिघडते. पेट्रोलात भिजत घालून, हवेच्या दाबाने फुंकून त्याने ते मोकळे केले.

राहिला घाटातला फटाका. राजूर घाट उतरताना रेस बंद असते, गाडी इंजिनाला ओढत असते. त्या वेळी मिश्रण आधीच पातळ, त्यात बरेचसे न जळताच मागे जाणारे. पण मागे गेले तरी तिथे ताजी हवा नसेल तर बार होत नाही. हवा येत होती कोठून? त्याने सायलेन्सरची नळी इंजिनाला जेथे जोडली असते तेथे बोट फिरवले. बोट काळे झाले. त्या जोडावरची गॅस्केटची कडी फुटली होती. तेथून धूर बाहेर गळत होता, आणि घाटात रेस सोडली की तेथूनच हवा आत ओढली जात होती. असाच दुसरा चोरदरवाजा पुढे निघाला: कार्बोरेटर आणि इंजिन यांना जोडणाऱ्या रबराला बारीक चीर. गाडी चालू ठेवून त्याने पिचकारीने त्यावर थोडे पाणी मारले, आणि इंजिनाचा सूर लगेच अडखळला. जेथे सूर बदलतो तेथे चीर. संगीत मास्तरांनी याहून वेगळे काय केले असते?

टॅपेट तपासायला मात्र त्याने गाडी रात्रभर ठेवून घेतली. झडपांची ही फट कागदाच्या जाडीची असते आणि ती इंजिन पुरते थंड असतानाच मोजायची असते. तापलेल्या इंजिनात धातू फुगल्याने माप खोटे येते. घाईचे गिऱ्हाईक आणि घाईचा मिस्त्री या दोघांच्या हातून नेमके हेच काम राहून जाते. सकाळी पाहिले तर धूर सोडणाऱ्या झडपेची फट जवळजवळ नाहीशी झालेली. म्हणजे झडप पुरती मिटत नव्हती, दाब गळत होता, आणि किका पन्नासवर का जात होत्या याचा उरलेला हिशेब लागला. त्या पहाटे दूधवाल्यांनी पुतण्याची गाडी मागून आणली होती. तिच्यात कार्बोरेटरच नाही, चोकही नाही. इंजिनाचा गारठा एक संवेदक मोजतो आणि छोटा संगणक पेट्रोलचा फवारा वाढवतो. ज्यांच्याकडे अशा नव्या गाड्या आहेत त्यांनी दोनच गोष्टी पाळाव्यात असे त्या मुलाने मला सांगितले. किल्ली फिरवल्यावर टाकीतला पंप दोन-तीन सेकंद गुणगुणतो, तो थांबला की मगच सेल्फ दाबावा. आणि टाकी सतत तळाला नेऊ नये, कारण त्या पंपाला गार ठेवण्याचे काम पेट्रोलच करते. बुलेटच्या पूजेपुढे हे व्रत अगदीच सोपे.

एकूण बिल झाले पाचशेच्या आत: प्लग, कडी, रबर, झाकणाचे वायसर, मजुरी. दूधवाल्यांनी पैसे मोजून दिले आणि पुन्हा एकदा विचारले, "बाबू, इंजिन काम खरंच नाही न?" त्याने नाही म्हटले. त्यांनी तिसऱ्यांदा विचारले नाही, पण त्यांचा विश्वास बसला तो दुसऱ्या दिवशी पहाटे. चोक, दोन किका, गाडी चालू. मिनिटभराने चोक सारला, गाडी चालूच. चोक सारायची आठवण राहावी म्हणून त्यांनी त्याच्या बोंडाला दुधाच्या कॅनचाच एक लाल दोरा बांधला आहे. हप्त्याच्या कागदावर त्यांनी सही केली नाही.

आता ते पावणेसहालाच येतात. आमची मंडळी अजून उठलेली नसतात, म्हणून पातेले रात्रीच पायरीवर झाकून ठेवावे लागते, अशी सौ.ची नवी तक्रार आहे. पाकिटाच्या दुधाकडे गेलेल्या दोन घरांपैकी एक परत आले. दुसरे आले नाही; त्यांना म्हणे पाकिटाची साय जास्त आवडते.